वेदना, प्रारब्ध आणि एक छोटीशी गोळी

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या समूहावर बेळगावच्या एका ताईंनी प्रश्न टाकला होता. यजमानांना कर्करोग आहे, तो हाडांत पसरला आहे, डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. घरात दोन तट पडले आहेत. सासूबाई म्हणतात, "जन्मभर माळ ओढलेल्या माणसाच्या तोंडात शेवटी अफू घालायची का?" ताईंनी खाली एवढंच विचारलं होतं, "मी काय करू?"

त्यावर तासाभरात तीस-चाळीस उत्तरं आली. कुणी लिहिलं, भोग भोगूनच संपतात. कुणी लिहिलं, नाम घ्या, वेदना आपोआप जातील. दोघांनी काढे सांगितले. बाकीच्यांनी जोडलेले हात पाठवले. ताई त्यानंतर काही बोलल्या नाहीत.

मीही त्या दिवशी गप्प राहिलो. लिहिलं असतं तर रागाने लिहिलं असतं, आणि तो राग खरं म्हणजे उत्तर देणाऱ्यांवर नव्हता, माझ्यावरच होता. कारण तीच उत्तरं मी एकदा दिली होती. माझ्या आईला.

*आमच्या घरची गोष्ट*

बारा वर्षं झाली. आम्ही इंदूरचे, चार पिढ्यांपासून इथेच. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. आधी छातीच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली होती, सहा वर्षं बरी गेली, आणि मग दुखणं परत आलं ते थेट पाठीच्या मणक्यात आणि कमरेत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता आजार बरा करण्यासारखं काही उरलं नाही, पण दुखणं कमी करता येईल. कागदावर मॉर्फिन लिहून दिलं.

दादाने घरी येऊन तो कागद चश्मा लावून दोनदा वाचला. म्हणाला, "हे तर अफीम आहे. आईला आपण अफीम द्यायचं?" आमच्या मालव्यात अफीम म्हटलं की डोळ्यांसमोर पोलीस आणि पारावर डोळे मिटून बसलेली माणसं येतात. त्यामुळे दादाची भीती समजण्यासारखी होती. पण मी? मी सत्संगातला माणूस. प्रवचनं ऐकलेली, टिपणं काढलेली. मी म्हणालो, "दादा, तुझं बरोबर आहे. हा प्रारब्धाचा शेवटचा हप्ता आहे. तो इथेच फिटलेला बरा." दादा भीतीने नको म्हणाला, मी शास्त्राच्या आधाराने नको म्हणालो. घरात माझ्या नको म्हणण्याला जास्त वजन आलं.

एकोणीस दिवस गेले. ते दिवस कसे गेले ते लांबवून सांगत नाही. चादर बदलायला वहिनी आईला कुशीवर वळवायची, तेव्हा आई पदराचा बोळा दातांत धरायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. रात्री ती झोपायची नाही, घड्याळाचे टोले मोजायची. अकराव्या की बाराव्या दिवशी तिने मला जवळ बोलावून विचारलं, "अरे, त्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं होतं ना?"

मी म्हटलं, "आई, नाम घे. त्यापुढे सगळं फिकं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घेते रे. पण ते मध्येच तुटतं."

ते वाक्य मी तेव्हा ऐकलं, पण मला समजलं नाही.

विसाव्या दिवशी बडोद्याहून ताई आली. तिने एक रात्र आईजवळ काढली. सकाळी चहाचा कप हातात न घेताच आम्हा दोघा भावांना म्हणाली, "तुम्ही दोघांपैकी एकाने एक रात्र तिच्या जागी निजून दाखवा, मग मला प्रारब्ध शिकवा." त्याच दिवशी मला तिने पिटाळलं. गोळ्या सहज मिळाल्या नाहीत. दोन दुकानांनी हात वर केले, एका दवाखान्यात साठाच नव्हता. संध्याकाळी एका ठिकाणी मिळाल्या, सही-शिक्का करून, मोजून.

पहिले दोन दिवस आई बरीच झोपली. एकदा उलटी झाली. दादा म्हणालाही, "बघ, गुंगीत गेली." तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती जागी झाली आणि म्हणाली, "आज पोहे केलेत का?" चार घास खाल्ले. नंतर तिने माळ मागितली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या तीन माळा झाल्या. तेव्हा मला कळलं, मध्येच तुटतं म्हणजे काय ते. वेदना माणसाला नामाकडे ढकलते असं आपण म्हणतो. काही वेदना ढकलत असेलही. पण एक पातळी अशी येते की वेदना दुसऱ्या कशालाच जागा ठेवत नाही, देवालासुद्धा नाही.

त्यानंतर आई पाच आठवडे होती. त्या पाच आठवड्यांत तिने नातवाला बाराखडी गिरवायला लावली, वहिनीला तिच्या पाटल्या दिल्या, आणि माझ्याशी बरंच बोलली. त्या एकोणीस दिवसांबद्दल मात्र ती काही बोलली नाही. मीच एकदा विषय काढला तर म्हणाली, "जाऊ दे." ते जाऊ दे अजून माझ्याजवळ आहे.

*ही अफू म्हणजे नक्की काय?*

बंधूंनो, दिवाळीला अनारशावर आपण जी खसखस लावतो, ती याच झाडाची. झाड एकच. त्याच्या बोंडाला, म्हणजे डोड्याला, कच्चा असताना बारीक चिरा दिल्या की पांढरा चीक येतो. तो सुकून तपकिरी होतो, खरवडून गोळा करतात, ती अफू. आमच्या मालव्यात मंदसौर, नीमच, रतलामच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम चालतं. शेतकऱ्याला सरकारचा पट्टा लागतो, शेत मोजलं जातं, आणि सगळा चीक सरकारलाच द्यावा लागतो. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला आहे. सरकारी कारखाने दोन, एक नीमचला आणि एक उत्तर प्रदेशात गाजीपूरला. म्हणजे आपल्या ग्वाल्हेर-इंदूरच्या मंडळींच्या अगदी शेजारचा हा विषय.

इतिहासही शेजारचाच आहे. शिंदे-होळकरांच्या मुलुखातली मालवी अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात होती. बंगालकडची अफू इंग्रजांनी कलकत्त्याहून पाठवली. त्या व्यापारावरून १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धं झाली. कितीतरी घराण्यांचे वाडे त्या पैशावर उभे राहिले आणि तिकडे चीनमध्ये कितीतरी घरं बसली. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफूची बाळगोळी चाटवत, त्यात मुलं दगावत. तेव्हा अफूबद्दल समाजाच्या मनात जी धास्ती आहे ती उगाच आलेली नाही.

त्याच अफूतून दुखणं थांबवणारा मुख्य अंश वेगळा काढला तो जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावच्या एका औषधविक्याच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने. त्याचं नाव फ्रीडरिश झेर्ट्युर्नर, काळ १८०४-०५ च्या सुमाराचा. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याने नाव दिलं. पुढे त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला, तर मात्रा जास्त होऊन चौघेही चांगलेच आजारी पडले. म्हणजे औषध आणि धोका हे दोन्ही पहिल्या दिवसापासून एकाच पुडीत आहेत.

फरक काय झाला? अफूच्या गोळीत किती काय आहे हे कुणालाच माहीत नसायचं. मॉर्फिन मात्र मोजून देता येतं, मिलिग्रॅममध्ये. किती दिलं, किती वाजता दिलं, किती उतार पडला, हे लिहून ठेवता येतं. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. १९८६ मध्ये याच संघटनेने कर्करोगाच्या दुखण्यासाठी पायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी साधी वेदनाशामकं, मग मध्यम, आणि दुखणं त्याहून तीव्र असेल तर मॉर्फिन. त्याआधी १९६७ मध्ये लंडनला डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्टोफर्स हे मरणोन्मुख रुग्णांचं सेवागृह सुरू केलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की अशा रुग्णाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि आत्म्याचंही असतं, आणि सगळ्यांकडे एकत्र बघावं लागतं. आपल्या गोव्याच्या मंडळींना लोटलीचं शांती अवेदना सदन माहीत असेल. त्याची मूळ संस्था मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झाली. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकतला १९९३ मध्ये असंच काम उभं केलं आणि गावोगावचे साधे स्वयंसेवक त्यात घेतले.

आणि तरीही गोळी का मिळत नाही? १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू चांगला होता. पण नोंदी-परवान्यांत एखादी चूक झाली तरी तुरुंगाची भीती, म्हणून दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. दुखणारी माणसं तेवढीच होती, गोळी तेवढी नाहीशी झाली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांसाठी नियम सोपे झाले. पण डॉक्टरांची एक पूर्ण पिढी हे औषध हाताळायला न शिकताच तयार झाली होती. म्हणून नीमचपासून पावणेतीनशे किलोमीटरवरच्या इंदुरात मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वणवण करावी लागली.

*भीती खोटी नाही*

आता दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर कुणी हा लेख वाचून गुडघेदुखीला मॉर्फिन शोधायला निघायचा.

आमच्या जुन्या गल्लीत एक मुलगा होता. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात असताना दुखण्याचं इंजेक्शन मिळायचं. घरी आल्यावर हाड जुळलं, पण इंजेक्शन सुटलं नाही. ओळखीच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत राहिलं. आधी पगार गेला, मग आईची साखळी. एका सकाळी तो न्हाणीघरात मिळाला. वय सव्वीस. त्याच्या आईसमोर बसून मॉर्फिनची थोरवी सांगायची हिंमत माझ्यात नाही.

अमेरिकेत हेच देशभर झालं. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची याच कुळातली गोळी बाजारात आणली आणि हिचं व्यसन फारसं लागत नाही असा प्रचार केला. कंबरदुखीपासून दातदुखीपर्यंत गोळ्या वाटल्या गेल्या. २००७ मध्ये कंपनीने खोटी माहिती दिल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, पण तोवर घरं उद्ध्वस्त झाली होती. गोळ्या महागल्या तसे लोक हेरॉइनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात तिथे या कुळातल्या पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे ऐंशी हजार माणसं गेली. आपल्याकडेही खोकल्याची कोडीनवाली बाटली आणि ट्रामाडॉलच्या गोळ्या नशेसाठी घेणारे कमी नाहीत. म्हणूनच २०१८ मध्ये ट्रामाडॉलही त्या कायद्याखाली आणावं लागलं.

तर मग एकच वस्तू माझ्या आईला माळ परत देते आणि त्या मुलाला न्हाणीघरात नेते, हे कसं? साधकाने विचार करावा असा प्रश्न हा आहे. वस्तूला पाप-पुण्य नाही. कुणी, कशासाठी, किती, कुणाच्या नजरेखाली घेतली, यावर सगळं आहे. स्वयंपाकघरातला अग्नी आणि घर जाळणारा अग्नी वेगळे नसतात.

इथे एक भेद नीट समजून घ्यावा. काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीराला सवय होते, एकदम बंद केलं तर त्रास होतो, कधी मात्रा वाढवावी लागते. ही शरीराची सवय. रक्तदाबाच्या काही गोळ्यासुद्धा एकदम बंद करता येत नाहीत, त्यांना आपण व्यसन म्हणत नाही. व्यसन वेगळं. त्यात दुखणं नसतानाही ओढ असते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, आणि माणसाचं जग आकसत आकसत त्या एका वस्तूएवढं होतं. आईचं जग गोळीने मोठं झालं. पोहे आले, नातू आला, माळ आली. त्या मुलाचं जग लहान होत गेलं. मला वाटतं, ओळखायची खूण हीच.

*आता मूळ प्रश्न*

पहिला प्रश्न प्रारब्धाचा. भोग भोगूनच संपवावे, औषधाने दाबले तर ते पुढच्या जन्मी येतील, असं मीच बोललो होतो. आज विचारतो, दात काढताना आपण भूल घेतो की नाही? तेव्हा कुणी म्हणत नाही की हा प्रारब्धाचा हप्ता बुडाला. मोतीबिंदू प्रारब्धाने आला म्हणून आपण आंधळे राहत नाही. आजार प्रारब्धाने आला असेल, तर औषध शोधणारा, ते लिहून देणारा आणि आणून देणारा हे कुठून आले? दुःख तेवढं ईश्वराचं आणि उतार मात्र माणसाचा, ही वाटणी आपण कोणत्या अधिकाराने करतो?

पण संतांनी सोसलं ना, असं म्हणतात. खरं आहे. श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५-८६ मध्ये घशाचा कर्करोग होता. अन्न उतरत नव्हतं, तरी भक्तांशी बोलणं थांबलं नाही. श्रीरमण महर्षींच्या डाव्या हाताला गाठ झाली, १९४९-५० मध्ये अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही सोडून देह ठेवला. या तिघांकडे नीट बघा. परमहंसांवर डॉ. महेंद्रलाल सरकार उपचार करत होते. महर्षींनी डॉक्टरांना आपलं काम करू दिलं. दोघांनीही औषधाला पाप म्हटलं नाही. विनोबांनी औषध सोडलं, पण ते स्वतःचं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं औषध त्यांनी काढून घेतलं नाही.

सगळी मेख इथे आहे. *आपलं दुःख शांतपणे सोसणं याला तितिक्षा म्हणतात. दुसऱ्याचं दुःख शांतपणे बघत बसणं याला तितिक्षा म्हणत नाहीत.* एकोणीस दिवस वैराग्य मी दाखवलं आणि त्याची किंमत आईने भरली.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि साधकाच्या दृष्टीने तोच खरा. अंतकाळी जे स्मरण असेल तशी गती, असं आपण मानतो. मग शेवटी बुद्धीवर औषधाची झाक असेल तर नाम कसं येणार? सासूबाईंच्या बोलण्यामागे हीच काळजी असावी, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मला जे दिसतं ते सांगतो. योग्य मात्रेत पहिल्या दोन-तीन दिवसांची झापड बहुतेकांची उतरते आणि माणूस बोलतो, ओळखतो, जप करतो. उलट न झोपलेला, घामाने भिजलेला, पदराचा बोळा दातांत धरलेला माणूस शुद्धीवर असतो, पण त्या शुद्धीत दुखण्याशिवाय काय असतं? तरीही मात्रा आणि जाग यांत थोडी देवघेव राहतेच. आपल्या इथल्या एका वयोवृद्ध काकांनी डॉक्टरांशी बोलून असं ठरवून घेतलं होतं की सकाळच्या पूजेआधीची मात्रा थोडी कमी ठेवायची. त्या दोन तासांत त्यांना दुखायचं. ते म्हणायचे, "एवढं माझं मला चालतं." ही त्यांची निवड होती आणि डॉक्टरांनी तिचा मान ठेवला. मला ती फार मोलाची वाटते, कारण ती त्यांची स्वतःची होती.

माझ्या आईचं म्हणाल तर शेवटचे दोन दिवस ती जवळजवळ झोपेतच होती. त्या क्षणी आत नाम होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मी ते खोटं सजवून सांगणार नाही. पण ज्याच्याकडे आयुष्यभर हाक मारली तो शेवटच्या दोन दिवसांच्या गुंगीचा हिशोब मांडून तिला परत पाठवील, असा देव मला मानता येत नाही.

तिसरा प्रश्न, या गोळीने मरण लवकर येतं का? आपण हाताने आईला मारलं असं तर होणार नाही? युरोपात धर्मपंडितांनी या प्रश्नावर फार पूर्वीपासून विचार केला आहे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना उत्तर दिलं होतं की दुसरा उपाय नसेल आणि हेतू वेदना कमी करण्याचाच असेल, तर आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी असं औषध देण्यात दोष नाही. आपल्याकडेही कर्माचं मोल हेतूवरून ठरतं असंच शिकवतात. पण आता वैद्यकाचा अनुभव असा आहे की दुखण्याच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने सहसा मरण ओढवत नाही. मरण आजाराने येतं, गोळी त्या वेळी शेजारी असते इतकंच. इच्छामरण हा वेगळा विषय. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कृत्रिम उपचार थांबवण्याबद्दल आणि आगाऊ इच्छापत्राबद्दल निकाल दिला आहे, त्याची गल्लत दुखणं कमी करण्याशी करू नये. उतार मिळावा म्हणून मोजून दिलेली मात्रा एका बाजूला आणि संपवण्यासाठी दिलेली मात्रा दुसऱ्या बाजूला. दोन्हींत औषध एक असलं तरी कर्म एक नाही.

*घरात ही गोळी आली तर*

सेवा करणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी. डॉक्टरांचा शब्द अर्थातच शेवटचा.

१. गोळी घड्याळ्यावर द्यावी, दुखण्यावर नाही. साधी गोळी बहुधा चार-चार तासांनी असते. दुखणं चढल्यावर उतरवणं कठीण जातं. मध्येच कळ आली तर जास्तीची मात्रा किती, हे आधीच लिहून घ्यावं.

२. बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते आणि ती आपोआप जात नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं. मळमळ आणि झापड मात्र काही दिवसांत कमी होते.

३. मूत्रपिंडाचा, दम्याचा आजार असेल, झोपेची गोळी चालू असेल, आधी दारूचं किंवा कसलंही व्यसन असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं. यावर दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी म्हणजे जिवाशी खेळ.

४. हाक मारूनही जाग येत नाही, श्वास फार संथ झाला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत आहेत, असं झालं तर थांबू नये, लगेच दवाखाना. यावर उतारा असलेलं नालोक्सोन नावाचं औषध असतं.

५. बारा तास चालणारी गोळी फोडू किंवा कुटू नये. औषधाची पट्टी अंगावर असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

६. गोळ्या कुलपात ठेवाव्या, मोजून ठेवाव्या, दुसऱ्या कुणालाही एकसुद्धा देऊ नये. उरलेल्या दवाखान्यात परत कराव्या. त्या गल्लीतल्या मुलाची आठवण ठेवावी.

*शेवटी, ताईंसाठी*

ताई, तुम्ही विचारलं होतं, मी काय करू. मी बराच विचार केला, आणि माझ्याकडे एकच उत्तर आहे. तुमचा प्रश्न मी पुन्हा वाचला. त्यात सासूबाई काय म्हणतात ते आहे, दीर काय म्हणतात ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे. खाली आम्ही तीस-चाळीस जण काय म्हणतो तेही आलं. यजमान स्वतः काय म्हणतात, ते मात्र कुठेच नाही.

आमच्याही घरी तसंच झालं. दादा बोलला, मी बोललो, शास्त्र बोललं. आईला कुणी विचारलंच नाही. तिने आपण होऊन विचारलं, तेव्हा मी तिला उपदेश केला.

तेव्हा आज रात्री त्यांच्याजवळ बसा. दार लोटून घ्या. गोळीने काय होतं, काय त्रास होऊ शकतो, ते जसं आहे तसं सांगा. आणि विचारा, "तुम्हाला काय हवंय?" ते म्हणाले, मला सोसायचं आहे, तर त्यांचा हात धरून बसा, आणि उद्या पुन्हा विचारा, कारण माणसाचं मत दुखण्याबरोबर बदलू शकतं. ते म्हणाले, द्या, तर द्या. मनात कसलाही किंतु ठेवू नका. सासूबाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा, आणि सांगा की एका मुलाने त्याच्या आईच्या बाबतीत केलेली चूक तुमच्या मुलाच्या बाबतीत होऊ नये, म्हणून त्याने हे लिहिलं आहे. त्यांना बोलायचं असेल तर मी कधीही फोनवर आहे.

आणि बाकी गुरुबंधूंना एक विनंती. समूहावर कुणी दुखण्याबद्दल विचारलं, तर उत्तर टाकण्याआधी क्षणभर थांबावं. ते वाक्य आपण त्या खाटेजवळ उभं राहून, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणू शकू का, एवढं स्वतःला विचारावं. म्हणू शकत असू, तरच पाठवावं.

सर्वांचं कल्याण होवो.

जय गुरुदेव. 🙏